बसतंयकाका

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत जे काही छापलेलं असतं ते कंपनीने स्वतःच्या समाधानासाठी छापलेलं असतं, अशी काकांची पक्की समजूत आहे. एरवी वाचण्याचा त्यांना कंटाळा नाही. औषधाची बाटली ते चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांशी धरून वाचतात. वाण्याच्या बिलाची बेरीज पुन्हा करतात. लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या आधी आलंय, हे त्यांच्याआधी आजवर कोणी हेरलेलं नाही. पण त्या काळ्या डबीच्या पोटावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे छापलेला आकडा त्यांना दिसत नाही. दिसते ती फक्त पिन. पिन भोकात गेली की काका मान वर करतात आणि म्हणतात, "बसतंय ना? मग झालं!"

सोसायटीतल्या पोरांनी त्यांना बसतंयकाका म्हणायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षं झाली. काकांना हे ठाऊक आहे. ते मनातून सुखावतात, असा माझा संशय आहे.

गंमत अशी की हा माणूस आयुष्यभर बँकेत होता. तिथे त्यांचा लौकिक वेगळाच. चेकवरच्या सहीतल्या ‘र’ची शेपटी नमुन्यातल्या शेपटीपेक्षा जरा जास्त वळली, तर चेक परत. समोर खातेदार स्वतः उभा असला तरी परत. "तुम्ही तुम्हीच आहात, हे मला मान्य आहे, पण सही तुमची नाही," असं त्यांनी एका नामांकित डॉक्टरांना ऐकवल्याचं काकू सांगतात. असा माणूस निवृत्तीनंतर कुठल्याही यंत्राला कुठलीही वायर लावतो, तेव्हा वाटतं, इतकी वर्षं नाही म्हणण्यात घालवल्यावर उरलेलं आयुष्य त्यांनी हो म्हणण्यासाठी राखून ठेवलंय.

त्यांच्या दिवाणाच्या पोटात सगळा साठा आहे. उपकरण मरतं, अडॅप्टर उरतो. बंद पडलेला कॉर्डलेस फोन भंगारात जातो, त्याचा अडॅप्टर दिवाणात. मोडेम गेला, अडॅप्टर दिवाणात. जुना सेट-टॉप बॉक्स, मुलीच्या शाळेतला पेटीवजा कीबोर्ड, जावयाचा लॅपटॉप, स्वर्गवासी बहिणीचं रक्तदाबाचं यंत्र, सगळ्यांचं मागे उरलेलं इथे आहे. वायरी एकमेकींत अशा गुंतल्यात की एक ओढली की सात जणी उठून बसतात. काकूंनी एकदा सगळ्यांना जुन्या राख्या बांधल्या होत्या. लाल राखी मोडेमची, मोत्याची रक्तदाबाची, आणि सोबत चिठ्ठीवर नाव. काकांनी त्या सोडून टाकल्या. "राखी मध्ये येते, पिन पूर्ण आत जात नाही."

टाकून का देत नाही, असं विचारलं तर ते दुखावतात. "अरे, चांगला चालू आहे!" म्हणतात, आणि खरंच तो चालू असतो. म्हणून तर पंचाईत.

इथे काकांची बाजू मांडायला हवी, कारण दुसरं कोणी मांडणार नाही. या गोल पिनांचा सगळा कारभारच मुळात फसवा आहे. बहुतेकींचा बाहेरचा व्यास साडेपाच मिलिमीटर. आतलं भोक कधी 2.1 मिलिमीटर, कधी 2.5. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, तो साठीनंतर कुणाला दिसणार? आणि या एकाच आकारातून कोणी 5 व्होल्ट सोडतं, कोणी 9, कोणी 12, लॅपटॉपवाले 19. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बरण्यांत मीठ, साखर, खायचा सोडा आणि उंदराचं औषध भरून ठेवायचं, वर अक्षरं मुंगीएवढी काढायची आणि पाहुण्याला म्हणायचं, चहा तुम्हीच करून घ्या! तेवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, आत अधिक आणि बाहेर उणे, की उलट, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेकांत आतला खांब अधिक असतो. गिटारवाल्या पोरांचे ते पायाने दाबायचे पेडल असतात, त्यांत बहुधा उलटं. अडॅप्टरवर त्यासाठी एक चित्र असतं: मधे ठिपका, भोवती तुटकं वर्तुळ, दोन बाजूंना अधिक-उणे. काकांना ते कंपनीचं बोधचिन्ह वाटायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराचा पेडल त्यांनी राउटरच्या अडॅप्टरवर लावून दिला. व्होल्ट अगदी बरोबर होते, 9 च्या 9. पेडल धूर न काढता, आवाज न करता गेला. "सज्जन होता," काका म्हणाले.

या श्रद्धेचा उगमही मला ठाऊक आहे. तरुणपणी काकांनी ट्रान्झिस्टरला इअरफोन लावला. पुढे वॉकमन आला. सोनीने तो 1979 साली काढला, आपल्याकडे कुणाचा तरी मामा दुबईहून घेऊन येईपर्यंत आणखी काही वर्षं गेली. त्याला साडेतीन मिलिमीटरची पिन होती. मग टेपरेकॉर्डर, मग कॉम्प्युटर, मग मोबाइल. सगळीकडे तीच पिन. काकांचा त्या काळातला हेडफोन आजच्या लॅपटॉपलाही चालतो, मी पाहिलंय. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका फोन जोडताना ज्या जाडजूड पिना खुपसत, त्यांचीच ही धाकटी पाती. जन्मभर या पिनेने माणसाला एकदाही दगा दिला नाही. फार फार तर काय व्हायचं? कॉम्प्युटरच्या मागे हिरव्या भोकाऐवजी गुलाबीत गेली, तर आवाज यायचा नाही. हिरवं स्पीकरला, गुलाबी माइकला, हे रंग इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून नव्वदच्या दशकाच्या शेवटी ठरवून दिले. काका रंग बघत नसत. एकातून आवाज नाही आला तर दुसऱ्यात घालत, दुसऱ्यातून नाही तर तिसऱ्यात. कधी ना कधी गाणं लागायचंच. चुकायचं, काढायचं, दुसरीकडे घालायचं, हे शिक्षण त्यांना या पिनेने दिलं. फक्त ती आवाजाची पिन होती आणि ही विजेची, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. म्हणजे आम्ही सगळ्यांनीच सांगितलं. पण आम्ही सांगतो ते ते कशाला ऐकतील?

मुलगी न्यू जर्सीला असल्यामुळे काकांच्या प्रयोगांना आंतरराष्ट्रीय परिमाण आहे. तिने एकदा कॉफीचं यंत्र आणलं. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230. काकांनी चपटे पाय गोल करणारा तो पांढरा ठोकळा लावला. ठोकळा फक्त पाय बदलतो, वीज तीच राहते. हीटरला दुप्पट व्होल्ट मिळाले की उष्णता दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. कॉफी विलक्षण लवकर झाली. "अमेरिकन माल बघ!" एवढं काका म्हणेपर्यंत यंत्राचं अवतारकार्य संपलं.

त्यातून ते काहीच शिकले नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुढच्या खेपेला मुलीने गजराचं रेडिओवजा घड्याळ आणलं, तेव्हा काकांनी 230 चे 110 करणारा विटेएवढा ट्रान्सफॉर्मर विकत आणून ठेवला होता. घड्याळ सुरू झालं. लाल आकडे उमटले. काकांनी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. तासाभराने ते दहा मिनिटं मागे पडलं. दुसऱ्या दिवशी चार तास. काका रोज वेळ लावत आणि घड्याळ रोज मागे पडे. ते घड्याळ विजेच्या लाटा मोजून चालणारं होतं. तिकडे सेकंदाला 60 लाटा, इकडे 50, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, लाटा नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तिकडची वेळ आपल्या मागेच असते. त्याला सवय आहे ती."

घरातही हाच न्याय चालतो. प्रेशर कुकरला दुसऱ्या कंपनीची रिंग, दाराला दुसऱ्या दाराची कडी, पाहुण्यांच्या मोटारीला दोन खांबांमधली जागा. भाचीचं लग्न त्यांनीच जमवलं, त्यातसुद्धा मुलाची उंची आणि मुलीची उंची एवढंच पाहिलं होतं म्हणतात. संसार उत्तम चाललाय. अशा उदाहरणांनीच तर काका बिघडले.

काकूंनी मात्र स्वतःचं राज्य वेगळं राखलं आहे. मिक्सर, गिझर आणि कानाच्या यंत्राचा चार्जर यांना काकांनी हात लावायचा नाही. "तुमचं बसतंय ते तुमच्यापाशी. मला ऐकू यायला हवंय," असं त्या सांगतात, आणि ज्या वेळी काका उत्साहात बोलत असतात त्या वेळी तेच यंत्र काढून टेबलावर ठेवतात.

आता स्पीकरचं सांगतो. गणपतीत पार्किंगमध्ये मांडव असतो आणि एक संध्याकाळ मुलांच्या कार्यक्रमाची. मोठा साउंडवाला परवडत नाही आणि कमिटीतल्या ज्येष्ठांना सोसतही नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी आपले कॉम्प्युटरचे स्पीकर आणून दिले होते. मध्ये एक ठोकळा, बाजूला दोन पिल्लं. लॅपटॉप होता, गाणी होती, फुलंही होती. अडॅप्टर नव्हता. तो घरात राहिला होता, घराची किल्ली ताईंच्या यजमानांच्या खिशात होती आणि यजमान सिंहगड रोडवर गर्दीत अडकले होते. परकर-पोलक्यातल्या सात मुली स्टेजवर उभ्या. निवेदन करणारा मुलगा "लवकरच आपण…" तिसऱ्यांदा म्हणाला.

"थांबा," काका म्हणाले.

ते परत आले तेव्हा हातात भाजीची पिशवी होती आणि तिच्यातून वायरी लोंबत होत्या. खाली बसून त्यांनी एकेक लावून पाहायला सुरुवात केली. पहिली पिन शिरलीच नाही. "ही नाही." दुसरी शिरली, पण तिच्यात जीव नव्हता. तिसरी जावयाच्या लॅपटॉपची. ती आत गेली, पण हलत होती. स्पीकरच्या भोकातला खांब 2.1 चा, पिनेचं भोक 2.5 चं. अर्ध्या मिलिमीटरहून कमी जागेत सोसायटीचा सांस्कृतिक कार्यक्रम अडकला होता. काकांनी प्रसादाच्या पुडीचा कोपरा फाडला, त्याची बारीक घडी केली, जिभेने ओली करायला गेले, समोर गणपती पाहून थांबले, आणि घडी कोरडीच पिनेच्या बाजूला खोचली. निळा दिवा लागला.

"बसलं!"

मांडवात टाळ्या पडल्या. गाणं सुरू झालं, आणि काय सांगू, आवाज असा दणदणीत की ताई स्वतः चकित झाल्या. "आमच्याकडे इतका मोठा नाही येत हो कधी!" काकांनी हात जोडले. ताईंचा स्पीकर 12 व्होल्टचा होता आणि आत 19 चालले होते, म्हणून त्याने कधी नव्हे तो गळा काढला होता, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात गाण्याखालून एक ‘घुंऽऽ’ असा सूर यायला लागला. मला वाटलं तानपुरा आहे. मग तानपुरा वाढला आणि गाणं कमी झालं. मग वास आला. गरम, गोडसर, मासळी करपल्यासारखा आणि तसा नाही असाही. पहिल्या रांगेतल्या आजींनी डोळे मिटून नमस्कार केला आणि सुनेला विचारलं, "धूप कोणी लावला गं?"

मुली नाचायच्या थांबल्या नाहीत. ताईंच्या लेकीने तोंडाने गाणं धरलं, मागून आया सामील झाल्या आणि नाच पार पडला. खरं तर तो स्पीकरपेक्षा बराच चांगला झाला.

काकांनी पिन काढली, हुंगली आणि निदान केलं, "लोड घेत नाहीये." या जातीच्या माणसाला विजेतला हा एकच शब्द येतो आणि तो कुठेही चालतो. मग ते म्हणाले, "थंड होऊ दे. पुन्हा लावून बघू." हेही या जातीचं लक्षणच: एकदा जळलं म्हणजे योगायोग, खात्रीसाठी दुसऱ्यांदा जाळावं लागतं. दुसऱ्यांदा लावल्यावर डाव्या पिल्लाने एक ‘फट्’ आवाज केला आणि कायमचं मौन धरलं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. स्पीकर मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. दुरुस्तीवाला मुलगा कोवळाच होता, पण हात सराईत. चार स्क्रू काढून त्याने ठोकळ्याचं पोट उघडलं आणि न बोलता आमच्याकडे फिरवलं. आत नळकांड्यासारखे कपॅसिटर उभे होते. त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. आतून दाब वाढला तर नळकांडं बॉम्बसारखं फुटू नये, खाचेतून उघडावं, म्हणून ती मुद्दाम पाडलेली असते. दोघांची डोकी भाकरीसारखी टम्म फुगली होती. तिसऱ्याचं उघडून आतला तपकिरी रस बाहेर आला होता. अंगावर स्पष्ट छापलेलं होतं, 16 व्होल्ट.

"किती दिले याला?" मुलाने विचारलं.

काकांनी पिशवीतून अडॅप्टर काढला. मुलाने तो उलटा केला, अंगठ्याने धूळ पुसली आणि आकड्यावर नख ठेवलं. "काका, 12 ला 19 दिलेत तुम्ही. आयसी गेली. जाताना शॉर्ट झाली, सगळा करंट सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरला. ही बघा." त्याने पिल्लाच्या पडद्यामागची तांब्याची बारीक गुंडाळी दाखवली. ती काळी ठिक्कर पडली होती. कॉइलला पुढेमागे थरथरायचं काम असतं. एकाच दिशेने करंट येत राहिला की ती एका जागी ढकललेली राहते आणि तापत जाते. तीच ती ‘फट्’.

काका बराच वेळ गुंडाळी बघत होते. मग म्हणाले, "ॲम्पियर कमी पडले असतील का रे?"

"ॲम्पियर कितीही जास्त असू द्या, काका. स्पीकर त्याला हवे तेवढेच ओढतो. व्होल्ट मात्र तेवढेच पाहिजेत. जास्त नाही, कमी नाही."

"पण बसत होतं."

"बसणारच ना," मुलगा म्हणाला. "सगळ्यांचीच बसते."

मला वाटलं, आता बांध फुटेल, बँकेतला तो जुना अधिकारी जागा होईल, सही तपासायची होती असं त्याच्या लक्षात येईल. काका वळले आणि समोरच्या दुकानातून ताईंसाठी नवे स्पीकर घेतले. जुन्यापेक्षा मोठे, चांगले, स्वतःच्या पैशांनी, घासाघीस न करता. ताई नको नको म्हणत राहिल्या. "तुमची वस्तू माझ्या हातून गेली," एवढंच म्हणून त्यांनी खोका दारात ठेवला. हेही काकाच. म्हणून त्यांच्यावर धड रागावता येत नाही. सोसायटीत ज्यांची ज्यांची वस्तू त्यांनी जाळली आहे, त्यांच्याकडे आज त्याहून बरी वस्तू आहे.

जुन्या स्पीकरचा अडॅप्टर ताईंनी त्यांना देऊन टाकला. तो दिवाणात आहे.

आठवडाभराने जिन्यापाशी फलकावर नोटीस लागली. बँकेतलं वळणदार अक्षर, तारीख, खाली झोकदार सही. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की सोसायटीच्या कार्यक्रमात विद्युत उपकरणे जोडताना सैल बसणारी पिन कोणीही वापरू नये. सैल पिनेमुळे उपकरणाचे नुकसान झाल्याचे निदर्शनास आले आहे."

त्यांचा निष्कर्ष तो होता. दोष सैलपणाचा.

अलीकडे टाइप-सी आलं आणि काकांचा चेहरा उजळला. युरोपने डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना हेच भोक सक्तीचं केलं, ही बातमी कापून त्यांनी फ्रिजवर लावली आहे, आपल्याला कोणीतरी अधिकृत पत्र धाडावं तशी. आणि मान्य करायला हवं की या भोकाच्या बाबतीत काका बरेचसे बरोबर ठरलेत. चार्जर आधी 5 व्होल्टच देतो, पलीकडच्याला काय चालतं ते विचारतो आणि मगच वाढवतो. बसलं की चाललं, हे त्यांचं स्वप्न एका पिनेपुरतं का होईना, खरं झालं. मी निश्चिंत झालो होतो.

परवा ते वर आले. हातात नवीकोरी वायर. एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला तीच ती साडेपाचची गोल पिन. अशी वायर चार्जरला सांगते, मला 12 दे, आणि चार्जर बिचारा विश्वासाने देतो. पुढे गोल टोकाला 9 चा राउटर आहे की 5 चं खेळणं, हे विचारणारं तिथे कोणी नसतं. काका सरळ आमच्या टीव्हीच्या मागे गेले. राउटरचे दिवे गेले.

"काका, काय करताय?"

"तुझ्या राउटरचा अडॅप्टर तापतो, सूनबाई म्हणत होती. हे लाव." टीव्हीमागून त्यांचा हात तेवढा बाहेर आला आणि मला बोलवायला लागला. "इकडे ये. हात लावून बघ. या वेळी जरासुद्धा सैल नाहीये."